टोपी घालणे, दोन्ही अर्थांनी

मराठी भाषा मोठी खट्याळ आहे. 'त्याला टोपी घातली' असे म्हटले की ऐकणारा हसतो आणि विचारतो, कितीला? टोपी फिरवली म्हणजे दिलेला शब्द फिरवला. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर म्हणजे उसनवारीचा खेळ. डोके झाकायच्या एका गरीब वस्तूवर आपण इतका अविश्वास का दाखवला असेल, असा प्रश्न मला पूर्वी पडायचा. हल्ली पडत नाही. गोव्यात उन्हापावसाच्या नावाने ज्या टोप्या विकल्या जातात आणि फुकट वाटल्या जातात त्या पाहिल्या की वाटते, भाषेला आपल्यापेक्षा जास्त कळते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला भांडायचे आहे त्याला सोयीचे जाईल. उन्हात राबणाऱ्या माणसाची टोपी हे त्याचे हत्यार आहे. कोयता, खोरे, विळा यांच्या पंक्तीतले. ती सावली देणारी आणि हवा खेळू देणारी असली पाहिजे. जो माणूस दुसऱ्याला उन्हात उभा करतो, मग तो भाटकार असो, कंत्राटदार असो, मुख्याध्यापक असो की मंत्री, त्याने ती दिली पाहिजे. आणि तिसरे, दुकानात जी टोपी 'हवाही जाते आणि पाणीही थोपवते' म्हणून महाग विकली जाते, तिच्यावर आपल्या हवेत तरी डोळे मिटून विश्वास ठेवू नये.

एवढ्या साध्या गोष्टीसाठी लेख कशाला, असे कोणी म्हणेल. लेख अशासाठी की टोपीकडे आपण हवामानाच्या नजरेने पाहतच नाही. आपण तिच्याकडे मानाच्या, धर्माच्या, पक्षाच्या आणि रंगाच्या नजरेने पाहतो.

इतिहास पाहा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच या सगळ्यांना मिळून एकच शब्द आहे, टोपीकर. अठराव्या शतकाच्या आरंभी मराठी मुत्सद्द्याला युरोपियन माणसाची खूण म्हणून त्याची टोपी पुरली. आपल्याकडे पागोटे, मुंडासे, फेटा, रुमाल, त्यांच्याकडे टोपी. गोव्यात तर हे टोपीकर साडेचारशे वर्षे राहिले. कोंकणीत आपण ज्याला चेपें म्हणतो ती कडांची हॅट आपल्या मनात पाखल्याची झाली, नंतर भाटकाराची झाली, आणि आता कळंगुटच्या किनाऱ्यावर पाठ भाजत बसलेल्या पर्यटकाची झाली. शेतात वाकलेल्या माणसाच्या डोक्यावर ती दिसली तर गावातली पोरे आजही हसतात. 'कितें रे, सायब जालो?' मी हे कानांनी ऐकले आहे.

साहेबाच्या टोपीची गंमत वेगळीच. ब्रिटिश हिंदुस्थानात सोला हॅट सक्तीची होती. पुष्कळांना वाटते की 'सोला' म्हणजे सोलर, सूर्याची. तसे नाही. बंगालच्या दलदलीत शोला नावाची वनस्पती वाढते, तिच्या पांढऱ्या, हलक्या भेंडापासून ती टोपी करत. गोऱ्या माणसाची कवटी पातळ, नेटिवाची जाड, म्हणून गोऱ्याने क्षणभरही उघड्या डोक्याने उन्हात जाऊ नये, अशी समजूत होती. ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी राहिलेल्या जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४४ साली या समजुतीची चांगलीच टर उडवली. दुसऱ्या महायुद्धात सैनिक उन्हात त्या टोपीशिवाय वावरले, कोणाची कवटी वितळली नाही, आणि टोपीचा रुबाब संपला.

पण यातली एक गोष्ट आपण ध्यानात घेतली नाही. समजूत खोटी होती, टोपी मात्र बनावटीला उत्तम होती. भेंडात हवा कोंडलेली, त्यामुळे वरची उष्णता आत उतरत नाही. डोक्याभोवतीचा पट्टा टोपीच्या भिंतीला चिकटलेला नसे; मध्ये बुचाचे तुकडे लावून फट ठेवलेली असे. माथ्यावर हवा बाहेर पडायला भोक. चारी बाजूंनी कड. म्हणजे ती डोक्यावर ठेवलेली टोपी कमी आणि डोक्यावर उभारलेला मांडव जास्त. साहेब गेला तेव्हा आपण त्याचा रुबाब तेवढा वारसा म्हणून ठेवला आणि फट टाकून दिली.

आता आपल्या स्वतःच्या टोप्या. गांधी टोपीबद्दल मला आदर आहे. पण उन्हाच्या दृष्टीने पाहिले तर तिला कडच नाही. कपाळ, नाक, कान, मान सगळे उघडे. तिचे काम वेगळे होते आणि ते तिने चोख केले. तीच टोपी घालून जेव्हा एखादा वारकरी म्हातारा आषाढीच्या वारीत आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर चालतो, तेव्हा ती टोपी त्याच्या श्रद्धेची खूण असते. ऊन अडवायचे काम खांद्यावरचे उपरणे करते. त्याची चिंता करणाऱ्याने हे दोन वेगळे हिशेब आहेत हे ओळखावे.

आणि रंग! टोपीचा विषय काढला की घरातली वडीलधारी मंडळी म्हणणार, 'हो, काळी पडशील.' मुलीला टोपी द्यायची ती काळवंडू नये म्हणून, आणि मुलाला द्यायची नाही, कारण मुलगा काळवंडला तर काय बिघडले? उन्हाचे सगळे शास्त्र आपण लग्नाच्या बाजारात नेऊन बसवले आहे. सावळ्या कातडीला उन्हाने होणाऱ्या कर्करोगाचा धोका गोऱ्यांपेक्षा कमी असतो हे खरे. पण डोळ्यांना रंग आडवा येत नाही. वर्षानुवर्षे अतिनील किरण डोळ्यांत गेले की पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारा मांसल पडदा वाढतो, डॉक्टर त्याला टेरिजियम म्हणतात. मोतीबिंदूच्या एका प्रकाराशीही या किरणांचा संबंध आहे. समुद्रावर आणि शेतात आयुष्य काढलेल्या माणसांचे डोळे एकदा जवळून पाहा. त्या लालसर पडद्यावर गोरेपणाचे कोणतेही मलम चालत नाही. कड असलेली टोपी चालते, पण ती तीस वर्षे आधी मिळाली असती तर.

आता आपल्या हवेकडे वळू. भारतीय हवामान खाते किनारपट्टीवर उष्णतेच्या लाटेची चर्चा सुरू करते ती कमाल तापमान ३७ अंशांवर गेल्यावर आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वाढल्यावर. सपाट प्रदेशात हीच मर्यादा ४० अंशांची आहे. किनाऱ्याला तीन अंशांची सूट उगीच दिलेली नाही. आपल्याकडे हवेत पाणी असते. घाम येतो, पण सुकत नाही. आणि न सुकलेला घाम अंग थंड करत नाही, नुसता ओघळतो. नागपूरचा माणूस गोव्याच्या ३४ अंशांना हसतो आणि तासाभराने सावली शोधतो. मार्च २०२३ मध्ये, म्हणजे शिमगा नुकताच झालेला असताना, गोव्यातल्या शाळा ९ आणि १० तारखेला दुपारी बाराच्या आत सोडायचा हुकूम निघाला. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात! वायंगणाची कापणी तेव्हा तोंडावर असते. शाळा सुटल्या, कापणीला कोण सोडणार?

अशा हवेत टोपीने काय करायचे असते? दोन कामे. चेहरा, कान, मान आणि डोळे सावलीत ठेवायचे, आणि डोक्याचा घाम सुकू द्यायचा. पहिले काम कडेचे, दुसरे कापडाचे आणि फटीचे.

कडेबद्दल वाद घालायचे कारण नाही. कातडीच्या कर्करोगाने ज्यांना शहाणे केले त्या ऑस्ट्रेलियाची कर्करोग परिषद प्रौढ माणसासाठी निदान साडेसात सेंटिमीटरची, सगळीकडून फिरलेली कड सांगते. साडेसात सेंटिमीटर म्हणजे आपल्या हाताची चार बोटे एकाला एक लावून होते साधारण तेवढी रुंदी. तीच परिषद पुढे फक्त चोच असलेली बेसबॉलची कॅप उन्हासाठी नको म्हणते, कारण तिने कान आणि मान उघडे राहतात. १९८१ साली त्या देशात अंगरखा चढवा, मलम लावा, टोपी घाला अशी मोहीम निघाली. आज तिथल्या कितीतरी शाळांत ज्या मुलाकडे टोपी नाही त्याला मधल्या सुट्टीत मैदानावर खेळू देत नाहीत, सावलीत बसवतात.

आणि आपण काय वाटतो? नेमकी तीच कॅप. मॅरेथॉन असो, वृक्षारोपण असो, किनारा सफाई असो, निवडणूक असो. पिशवीतून निघते ती पातळ पॉलिएस्टरची, पुढे पुठ्ठ्याची चोच आणि कपाळावर छापील नाव असलेली कॅप. कपाळावर जिथे घाम सर्वांत जास्त येतो नेमके तिथे आतून फेसाचा तुकडा चिकटवलेला, कारण त्यावर नाव ठसठशीत उमटते. पाहा म्हणजे, टोपीतली सर्वांत मोक्याची जागा जाहिरातीला दिली. घालणाऱ्याचे डोके हे त्या टोपीच्या दृष्टीने फलक लावायचा खांब आहे. यालाच मराठीत टोपी घालणे म्हणतात.

कसोटी क्रिकेट पाहणाऱ्यांना हे सांगायला नको. दिवसभर मैदानात उभे राहायचे असते तेव्हा पंच आणि क्षेत्ररक्षक पांढरी, रुंद कडांची मऊ टोपी घालतात. कोट्यवधी रुपयांच्या खेळाडूंना जे कळते ते आपल्या ग्रामसभेला का कळू नये?

आता महागड्या फसवणुकीकडे येतो. गेल्या पावसाच्या आधी मी पणजीत एका दुकानात टोपी पाहत होतो. माझे फोंडा महालात लहानसे कुळागर आहे. मृगानंतर तिथे रोज जावे लागते. एका हातात छत्री धरून पोफळींची कामे होत नाहीत. दुकानदाराने दीड हजाराची टोपी काढली. हलकी, देखणी, इंपोर्टेड. चिठ्ठीवर दोन चित्रे: एकात वाऱ्याच्या रेघा, दुसऱ्यात घरंगळणारा थेंब. मी ती तोंडाला लावून फुंकर मारली. फुंकर परत माझ्याच तोंडावर आली. 'तशी नाही सर,' तो म्हणाला, 'हवा नाही जात, वाफ जाते.'

दुकानदार खोटे बोलत नव्हता. पण तो अर्धेच सांगत होता. उरलेले अर्धे असे.

१९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनची कांडी गरम करून जोराने खेचली आणि तिचा अतिशय सच्छिद्र पडदा तयार होतो असे त्यांना आढळले. त्याची भोके पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पट लहान आणि वाफेच्या रेणूपेक्षा शेकडो पट मोठी. म्हणून पाऊस आत येत नाही आणि घामाची वाफ बाहेर जाते. कल्पना खरी आहे, कपडेही खरे आहेत. पण वाफ आपणहून बाहेर जात नाही. ती जाते कारण आत वाफेचा दाब जास्त असतो आणि बाहेर कमी. बाहेर दहा अंश थंडी असेल आणि हवा फार दमट नसेल तर हा फरक भरपूर असतो. आता आपला जुलै घ्या. बाहेर अठ्ठावीस अंश, आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास. घामेजलेल्या कातडीपाशी वाफेचा दाब पाऱ्याच्या साधारण ४२ मिलिमीटर, बाहेर २५. उरला फरक १७. दहा अंशांच्या, ऐंशी टक्के आर्द्रतेच्या हवेत हाच फरक ३५ च्या घरात असतो. म्हणजे डोंगरदऱ्यांच्या थंड देशात जी टोपी पूर्ण श्वास घेते, ती इथे अर्धाच घेते. वर मुसळधार पावसात कापडाचा बाहेरचा थर भिजून चिंब झाला की तो अर्धाही कोंडतो. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. इथे कापडाचा थर कोरडा राहील अशी अपेक्षा करणाऱ्याने एकदा सत्तरीत आषाढ काढावा.

चिठ्ठी जिथे लिहिली गेली तिथे खरी होती. बोटीने इथे येईपर्यंत ती खोटी झाली. माझे भांडण त्या टोपीशी नाही, चिठ्ठी वाचून हवामान विसरणाऱ्या आपल्या वृत्तीशी आहे.

आणि आपल्याकडे उत्तर नव्हते असे थोडेच आहे? कोकणपट्टीतले इरले आठवा. बांबूच्या कामट्यांची दुहेरी जाळी, मध्ये पानांचा थर, उलट्या होडीसारखा आकार. लावणी करणारी बाई वाकली की ते डोक्यापासून कमरेपर्यंत तिच्यावर छप्पर धरते. पाणी वरून ओघळून जाते आणि खालून, बाजूंनी वारा सरळ येतो. इरल्याला वाफ गाळायची गरजच नाही, कारण ते अंगाला चिकटतच नाही. धनगराच्या घोंगडीची खोळ घ्या. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पिते तरी हाताला ओली लागत नाही. दक्षिणेकडे तुळुनाडात पोफळीच्या पोयीची, म्हणजे झावळीच्या बुडाच्या त्या चामड्यासारख्या रुंद भागाची, टोपी करून शेतकरी घालत आले आहेत. आपल्या कुळागरांत रोज पोयी गळून पडतात. त्यांच्या पत्रावळी होतात, टोपी मात्र कोणाला सुचत नाही. आणि मुंडासे! सुती कापडाचे सैल थर, थरांमध्ये हवा, हवे तेव्हा ओले करून पुन्हा बांधावे. कड नसल्याची उणीव त्याचा मागे सोडलेला शेमला भरून काढतो, मान झाकतो.

मी जुने ते सोने म्हणणाऱ्यांपैकी नाही. इरले जड असते. ते वाकलेल्या माणसासाठी आहे; उभ्याने चालताना वाऱ्यात शीड होते. ते विणणारे हात कमी झाले आणि प्लास्टिक फुकटात मिळू लागले तेव्हा बायकांनी खताच्या पिशवीची खोळ केली, यात त्यांचे काय चुकले? पावसात हलके काहीतरी हवे होते, ते कोणी दिले नाही, म्हणून त्यांनी कचऱ्यातून उचलले. पण ती खोळ डोक्याला आणि पाठीला चिकटते, आत वाफेचा हंडा होतो. बाई बाहेरून पावसाने वाचते आणि आतून घामाने भिजते. एका इरल्याच्या जागी इतक्या वर्षांत आपण फक्त एक खताची पिशवी देऊ शकलो, हा आपल्या प्रगतीचा हिशेब.

सोला हॅट, इरले, मुंडासे. तिन्ही वेगळ्या लोकांच्या, वेगळ्या कामांच्या वस्तू. पण शहाणपण एकच: डोके आणि छप्पर यांच्यात जागा ठेवा. हवा कापडातून जाण्याची वाट पाहू नका, तिला दाराने जाऊ द्या.

म्हणून टोपी घ्यायला गेलात की चिठ्ठी वाचू नका, टोपी वाचा. मी काय पाहतो ते सांगतो.

कड चार बोटे, पुढे, मागे, कानांवर सारखी. वाऱ्यात उलटी होणारी लिबलिबीत कड निरुपयोगी. कडेची खालची बाजू गडद रंगाची असेल तर उत्तम, कारण पाण्यावरून, वाळूवरून आणि सिमेंटवरून परतणारे ऊन ती डोळ्यांत पुन्हा ढकलत नाही. वरची बाजू फिकी.

टोपी उजेडाकडे धरा. कडेतून सूर्य ठिपक्याठिपक्यांनी दिसला तर ती फॅशनची टोपी आहे. कडेची वीण घट्ट हवी, डोक्याची बाजूची भिंत मोकळी हवी. पुष्कळ टोप्यांत नेमके उलटे असते. भिंतीला जाळी किंवा निदान मोठी भोके हवीत. दोन बाजूंना दोन नाजूक भोके म्हणजे देखावा. तोंड लावून फुंकर मारा. भिंतीतून हवा गेली पाहिजे, कडेतून गेली नाही तरी चालेल.

माथा उंच हवा. टोपी घातल्यावर माथ्यात आणि केसांत बोटभर जागा राहिली पाहिजे. आतला पट्टा सुती, काढून धुता येईल असा. आपल्या घामाचे मीठ आठवड्याभरात कोणतीही टोपी कडक करते. हनुवटीखाली दोरी पाहिजेच. दोरी लहान मुलांना शोभते असे म्हणणाऱ्याची टोपी मांडवीत गेलेली असते.

कापड सुती की कृत्रिम, यावर उगाच धर्मयुद्ध नको. जाड सुती कॅनव्हास उन्हात चांगला, पण पावसात पाणी पिऊन जड होतो आणि श्रावणात दोन दिवस वाळत नाही. पातळ, विरळ विणीचे नायलॉन लवकर वाळते. गवताची किंवा ताडपत्राची टोपी उन्हाला उत्तम आणि स्वस्त. भिजली की आकार गेला. म्हणून माझा सल्ला एका टोपीचा नाहीच. उन्हाची एक आणि पावसाची एक. पावसाच्या टोपीकडून एवढेच मागा की कड ताठ असावी, पाणी डोळ्यांत आणि मानेत न येता दूर पडावे, आणि टोपी रात्रीत वाळावी. भिजणार नाही असे मागू नका. आपल्या पावसात माणूस भिजतो. लवकर वाळतो तो जिंकला.

आता आक्षेप. 'टोपीने उलट जास्त घाम येतो.' येतो, कारण आजवर तुम्हाला फेस चिकटवलेली कॅपच मिळाली. 'नारळावर चढणारा कड सांभाळेल की माड?' बरोबर. चार बोटांची कड माडाच्या खोडाला आपटेल. त्याला मागे मान झाकणारा पदर असलेली घट्ट टोपी हवी. कामाप्रमाणे हत्यार बदलते, हेच तर मी म्हणतो आहे. 'डोक्यावर पाटी घेणारी मासळीवाली चुंबळ ठेवील की टोपी?' तिच्या डोक्यावर टोपी बसणार नाही, म्हणून तिला बाजारात डोक्यावर छप्पर हवे, आणि ते पालिकेचे काम आहे. 'बांधकामावर हेल्मेट असतेच की.' असते, आणि ते काढायचे नाही. पण त्याच हेल्मेटवर बसणारी कड आणि मागचा पदर मिळतो, तो कंत्राटदार का घेत नाही? बडोद्यात २०२४ च्या उन्हाळ्यात वाहतूक पोलिसांना बॅटरीवर थंड हवा देणारी हेल्मेटे दिली. मी बॅटरी मागत नाही. कापडाचा एक पदर मागतो.

'खर्च कोण करणार?' हा शेवटचा आणि खरा आक्षेप. त्याचे उत्तर सोपे आहे: ज्याने उन्हात बोलावले तो. खोरे कामगाराने घरून आणावे असे आपण म्हणत नाही. जाहिरातीच्या हजार कॅप छापायला पैसे असतात. तेच पैसे तीनशे चांगल्या टोप्यांना घाला आणि नाव हवे तर आतल्या पट्ट्यावर छापा. पण आतले नाव फोटोत येत नाही. दुखणे तिथेच आहे.

मात्र एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर उद्या कोणी माझाच लेख दाखवून टोप्या वाटेल आणि हात झटकेल. टोपी उष्माघात थांबवत नाही. डोके हा शरीराच्या पृष्ठभागाचा जेमतेम दहावा भाग. उरलेल्या नऊ भागांना सावली लागते, पाणी लागते, विश्रांती लागते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसे उघड्या आभाळाखाली तासनतास बसली. व्यासपीठावर छत होते. चौदा माणसे गेली. त्या चौदा जणांना टोप्या दिल्या असत्या तर ते वाचले असते, असे म्हणण्याची माझी हिंमत नाही. मी एवढेच म्हणतो की जो संयोजक माणसाच्या डोक्याचा विचार करतो, त्याला मग पाण्याचा, मांडवाचा आणि वेळेचा विचार करावाच लागतो. आणि जो व्यासपीठावर छत बांधून मैदान उघडे सोडतो, त्याच्या मनात कोणाची डोकी मोजली जातात आणि कोणाची नुसती गणली जातात, हे लपून राहत नाही.

म्हणून माझ्या मागण्या लहान आहेत. शाळांनी गणवेशात कडांची टोपी घ्यावी, आणि टोपी नसलेल्या मुलाला खेळाच्या तासाला शिक्षा न करता सावलीत बसवावे. कवायत सकाळी नऊच्या आत संपवावी. पाहुणा उशिरा आला तर मुलांनी का तापावे? पंचायतींनी आणि पालिकांनी झाडूवाल्यांना, गटारे उपसणाऱ्यांना वर्षाला दोन टोप्या द्याव्यात, एक उन्हाची, एक पावसाची, आणि घेण्याआधी त्या कामगारांकडूनच आठवडाभर वापरून पाहाव्यात. आपल्यापैकी ज्यांच्याकडे भाट आहे, कुळागर आहे, घराचे काम चालू आहे, त्यांनी येत्या वायंगणाच्या कापणीआधी कामाला येणाऱ्या प्रत्येकासाठी टोपी घ्यावी आणि अकरा ते तीन काम बंद ठेवावे. मी माझ्याकडे ते सुरू केले आहे. सहा माणसे, सहा टोप्या. पहिल्या दिवशी सगळे एकमेकांना सायब म्हणून हसले. चौथ्या दिवशी एकाची टोपी घरी राहिली, तर तो अर्ध्या वाटेतून परत जाऊन घेऊन आला.